मागच्या कोपऱ्यातली खोली

योगराज सरोदेची आई शेवंताबाई मे महिन्यात मागच्या दारच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडात रॉड बसला, दीड महिन्याने ती वॉकर धरून चार पावलं टाकायलाही लागली. पण त्या चार पावलांत पोचता येईल असं घरात काही नव्हतं. झोपायच्या खोल्या आणि कमोड वरच्या मजल्यावर. खालचा संडास अंगणाच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून, आणि तोही उकिडवं बसायचा. तेव्हा तिची खाट हॉलमध्ये आली, खाटेभोवती दोरीवर जुन्या साडीचा पडदा आला आणि पडद्याआड एक झाकणाचं भांडं आलं.

ते भांडं योगराजची बायको मोहिनी उचलायची. तोंडाने कधी काही बोलली नाही, पण सकाळी भांडं धुऊन आली की नळाखाली बराच वेळ हात धूत उभी राहायची. योगराज जळगावच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर होता. वय चौपन्न. दिवसभर डाळीच्या धुरळ्यात उभा राहून घरी यावा, तर गावाकडचं, मुक्ताईनगरचं कोणी ना कोणी म्हातारीला बघायला येऊन बसलेलं. पाहुणे चहा पीत गप्पा मारायचे आणि शेवंताबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सगळं आयुष्य शेतात केळीच्या बागेत गेलेली बाई. माणसांसमोर अशी उघडी पडायची तिला सवय नव्हती.

ऑगस्टमध्ये तिला ताप आला. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाले, "पाणी फार कमी पितात का या?" तेव्हा कुठे मोहिनीच्या लक्षात आलं, की म्हातारी दुपारनंतर पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही.

"पाणी पेलं की भांडं लागते," शेवंताबाई म्हणाली. "भांडं लागलं की तुले उठा लागते. कायले प्यायचं मंग?"

योगराज जेवत होता. त्याने हातातला घास ताटात ठेवला. त्याच आठवड्यात त्याने ठरवलं, की मागच्या अंगणात एक खोली काढायची. खाट मावेल एवढी, आणि तिला लागून कमोडचं बाथरूम.

जागा होती, पण पाहिजे तिथे नव्हती. अंगणाच्या मधोमध सेप्टिक टँक, पश्चिमेला बोअर. उरला तो पूर्वेचा कोपरा, आणि तो थेट लखीचंद शेठच्या कंपाउंडला भिडलेला. नियमाने हद्दीपासून जागा सोडायची असते हे योगराजला ठाऊक होतं. पण कॉलनीत कोणी सोडली होती? ज्याने त्याने जिना, मोरी, गाडीची शेड असं काही ना काही हद्दीला चिकटवलेलंच होतं.

लखीचंद शेठचं पूर्वी गावात कापडाचं दुकान होतं. आता वयाची पंच्याहत्तरी उलटलेली, दुकान बंद, मुलगा संयम पुण्याला नोकरीत. घरात ते आणि त्यांची बायको कुसुमलता. दोन्ही घरं एकाच वर्षी उभी राहिली होती. योगराजचे वडील झिपरूआबा होते तोवर दोघं म्हातारे संध्याकाळी ओट्यावर बसायचे. मधली भिंतही आबांनीच उभी केलेली. भिंतीपलीकडे शेठच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, मावळतीकडे उघडणारी.

योगराज रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेला. "काकाजी, मायसाठी एक खोली काढावी म्हणतोय. तुमच्या भिंतीला लागून येईल. तुम्ही हो म्हणाल तरच."

लखीचंद शेठ पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अक्कासाठी ना? मग विचारायचं काय त्यात? खाली एकच खोली?"

"एकच."

"कर."

कुसुमलता आतून म्हणाली, "खिडकीला अडचण होईल का रे, बेटा?"

"नाही हो काकीजी. बुटकीच खोली आहे. वर पत्रे."

हे तो म्हणाला तेव्हा खरंच बोलला. पुढे त्याला हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवायचं.

योगराजचा मुलगा चंदन नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता. आठवड्याने घरी यायचा. तिकडचाच मगन मिस्त्री त्याने आणला. मगनने अंगणात पहार मारून पाहिली, हातात माती घेतली, ती चुरगाळली.

"भाऊ, आठे बठ्ठी काळी माटी शे. उन्हाळामा फाटस, पावसाळामा फुगस. दोन फूटना पाया टिकाव नही," तो म्हणाला. "खोल खंदनं पडी. आणि इतलं खंदीच राहिनात, तं कॉलम टाकी ल्या."

चंदनने ते उचलून धरलं. "बाबा, कॉलम टाकले तर वर अजून एक खोली निघेल. आज ना उद्या लागणारच आहे. माझं लग्न झाल्यावर कुठे राहायचं आम्ही? पुन्हा खोदकाम काढण्यापेक्षा आत्ताच करून ठेवू."

योगराज त्या वेळी दमलेला होता. खरं तर तो गेले पाच महिने दमलेलाच होता, आणि दमलेल्या माणसाला समोरच्याचं म्हणणं पटतं ते पुष्कळदा वाद नको म्हणून. पण एवढंच नव्हतं. वरच्या खोलीचं चित्र त्यालाही आवडलं होतं. शेठना पुन्हा जाऊन सांगायला हवं, असं मनात आलं. सांगू, म्हणून त्याने ते राहू दिलं.

सप्टेंबरच्या शेवटी खड्डे खोदले गेले. कंपाउंडला लागून दोन, घराच्या बाजूला दोन. घराकडचे दोन कॉलम आधी भरले आणि त्यांच्या सळया वर सोडल्या, बारा बारा फूट. आकाशाकडे बोटं करून उभ्या असलेल्या त्या सळया कॉलनीच्या कोपऱ्यावरूनही दिसायच्या. कुसुमलता खिडकीत यायची, त्यांच्याकडे बघायची आणि आत जायची. तिने काही विचारलं नाही. योगराजने काही सांगितलं नाही.

मग दिवाळीच्या आधी संयम पुण्याहून आला.

तो सकाळी भिंतीजवळ येऊन उभा राहिला. चाळिशीचा, शांत बोलणारा माणूस. "योगराजभाऊ, किती मजली बांधताय?"

"खोली आहे एक. मायसाठी."

"मग सळया एवढ्या उंच कशाला?"

योगराजने सळयांकडे पाहिलं. "ते आपलं... पुढेमागे लागलं तर."

"बाबांना तुम्ही पत्रे म्हणाला होतात."

चंदन घरीच होता. तो मध्ये पडला. "आमच्या जागेत आम्ही बांधतोय. कॉलनीत सगळ्यांनीच बांधलंय. तुमचा जिना नाही का त्या बाजूला?"

संयमने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "माझ्या आईला काचबिंदू आहे," तो योगराजला म्हणाला. "डाव्या डोळ्याने काही दिसत नाही, उजव्याने निम्मं. बल्बच्या उजेडात तिला ताटातला पदार्थ ओळखता येत नाही. सूर्यास्तानंतर ती जेवत नाही, पाणीसुद्धा घेत नाही, हे तुम्ही इतकी वर्षं बघताय. चारनंतर तिचा सगळा स्वयंपाक या खिडकीच्या उजेडावर होतो. इथे दोन मजले आले तर तिने काय करायचं?"

"ट्यूबलाइट लावा मोठी," चंदन म्हणाला.

ते वाक्य भिंतीपलीकडे गेलं. खिडकीत कुसुमलता उभी होती. तिने खिडकीचं दार ओढून घेतलं.

चौथ्या दिवशी महापालिकेची नोटीस आली. परवानगीशिवाय बांधकाम, हद्दीपासून जागा सोडलेली नाही, काम तात्काळ थांबवावे. संयमने तक्रार दिली होती. मगन आपली थापी, ओळंबा गोळा करून निघाला. जाताना भिंतीजवळच्या उघड्या खड्ड्यांकडे बघून म्हणाला, "भाऊ, काम बंद तं बंद, पण हाई खड्डा भरी ल्या. पाणी उनं तं भिंत नही राहावाव."

योगराज हो म्हणाला. पण खड्डे भरायचे म्हणजे हार मानायची, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं. तो रागावलेला होता. राग चंदनवर होता, स्वतःवर होता, पण माणूस असा राग दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. संयमला काय कळतं, तो म्हणायचा. पुण्यात बसतो, वर्षातून चार वेळा येतो. याची आई अंधारात जेवेल म्हणतो, माझी आई पाच महिने चारचौघांत भांड्यावर बसते, ते याला दिसत नाही.

त्याच रागात त्याने मोजणीचा अर्ज केला. आबा नेहमी म्हणायचे, की भिंत आपण आपल्या पदरच्या विटांनी बांधली. मग ती आपल्याच हद्दीत असणार. कदाचित हद्द तिच्याही पलीकडे असेल. एकदा सरकारी मोजणी होऊ दे, मग बघू कोण कोणाला नोटीस देतं. अर्ज करून आला त्या दिवशी त्याला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. आपण बरोबर आहोत हे सिद्ध होणार असलं, की माणसाला विसावा मिळाल्यासारखं वाटतं.

दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. शेवंताबाईला बघायला सगळी कॉलनी येऊन गेली, शेजारून कोणी आलं नाही. "कुसुमबाई दिसत न्हाई," ती एकदा म्हणाली. मोहिनीने विषय बदलला. मागचं दार बंद ठेवावं लागे, कारण अंगणभर माती. धुणं वर गच्चीवर न्यावं लागे. मोहिनी दिवसातून सहा वेळा जिना चढायची आणि उतरताना कठड्याला धरून थांबायची.

परतीचा पाऊस त्या वर्षी लांबला होता. सगळ्यांना वाटलं, गेला. तो ऑक्टोबरच्या शेवटी आला आणि दोन दिवस पडत राहिला. उघड्या खड्ड्यांत कमरेएवढं पाणी साचलं. योगराजने मिलमधून मोटर आणली, पाणी उपसलं, तर खड्डे पुन्हा भरले. भिंतीखालची काळी माती भिजवलेल्या पिठासारखी झाली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि दुपारी साडेतीनला तो मिलमध्ये असताना मोहिनीचा फोन आला.

"भिंत पडली," ती म्हणाली. "त्यांच्या बाजूला."

"कोणाला लागलं?"

"नाही. काकीजी भांडी घासून नुकत्याच आत गेल्या होत्या. तुम्ही या."

तो आला तेव्हा बारा-तेरा फूट भिंत लखीचंद शेठच्या मोरीवर आडवी पडलेली होती. घासून पालथी घातलेली स्टीलची भांडी विटांखाली चेपली होती. कुसुमलता दारात पाटावर बसली होती. संयम पुण्याला परत गेला होता. लखीचंद शेठ एकटेच विटा उचलून बाजूला ठेवत होते, एकेक करून, वाकून, मधूनमधून कमरेवर हात ठेवत.

पडलेल्या भिंतीवरून योगराज पलीकडे गेला. तो खाली बसला आणि विटा उचलू लागला. दोघांनी मिळून अर्धा तास विटा उचलल्या. शेवटी कुसुमलता म्हणाली, "ऊन उतरतंय, आत या तुम्ही." ते नवऱ्याला होतं, योगराजला नव्हे. शेठ आत गेले.

योगराज तिथेच उभा राहिला. आता मध्ये भिंत नव्हती. त्याला आपलं अंगण त्यांच्या बाजूने दिसत होतं: दोन कॉलम, वर गेलेल्या सळया, चिखलाचे खड्डे, आणि उघड्या मागच्या दारातून थेट हॉलमधल्या साडीच्या पडद्यापर्यंत.

मोजणीवाले त्यानंतर पाच दिवसांनी आले. अर्ज केलेला होता, तारीख लागलेली होती, आता नको म्हणायची सोय नव्हती. दोन माणसं, तिकाटण्यावरचं यंत्र, हातात कॉलनीचा मंजूर नकाशा. चंदन मुद्दाम सुट्टी घेऊन आला होता. संयमही पुन्हा आला होता. लखीचंद शेठ ओट्यावर खुर्ची टाकून बसले. मोजणीवाल्यांनी रस्त्याच्या कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड शोधला, मागच्या गल्लीतला दुसरा शोधला, बराच वेळ आकडे घेतले आणि मग चुन्याने जमिनीवर रेघ ओढली.

रेघ भिंतीच्या पायाच्या अलीकडे आली. योगराजच्या बाजूला.

"भिंत यांच्यात आहे," मोजणीवाला लखीचंद शेठच्या घराकडे हात करून म्हणाला. "पुढे दोन इंचांचा फरक, मागे जाऊन नऊ इंच. तिरपी बांधलीय. तुमचे हे दोन खड्डे निम्मे त्यांच्या जागेत येतात."

योगराजने नकाशात डोकं घातलं. मग चुन्याच्या रेघेकडे पाहिलं. त्याला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तो रेघेवरून मागे सरला. आबांनी बत्तीस वर्षांपूर्वी बांधलेली भिंत. आपल्या पदरच्या विटांनी. आपण याच भिंतीच्या जोरावर नोटिशीला उत्तर देणार होतो.

"बघा," संयम म्हणाला. एवढंच. त्याच्याही आवाजात आनंद नव्हता.

मोजणीवाले सह्या घेऊन गेले. चंदन फोनवर कोणा वकील मित्राशी बोलत गल्लीत फेऱ्या मारू लागला. योगराज सरळ चालत लखीचंद शेठच्या ओट्याशी गेला.

"काकाजी, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? तू तेव्हा कॉलेजात होतास."

"तुम्हाला माहीत होतं?"

शेठनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "मी वडिलांच्या आजारपणात मारवाडला गेलो होतो. दोन महिन्यांनी आलो तर भिंत उभी. दुसऱ्याच दिवशी दोरी लावून पाहिली. कापडवाला माणूस मी, गजाचं माप चुकत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. आज बोलू, उद्या बोलू. तेव्हा भांडायला वेळ नव्हता रे, दुकान होतं. आता वेळ आहे तर ताकद नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आणि झिपरू माणूस वाईट नव्हता. दोरी नीट धरता आली नाही त्याला, एवढंच."

आतून कुसुमलताचा आवाज आला. "तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. माझी मोरी तेव्हापासून अरुंद आहे. वाकून बसलं की पाठ भिंतीला घासते." ती दारात आली. एका डोळ्याने नीट दिसावं म्हणून मान तिरपी करून योगराजकडे बघत राहिली. "नऊ इंचांचं मी कधी काही म्हटलं का, बेटा? पण तू मला सांगितलंस, बुटकी खोली. पत्रे. मला विचारलं असतंस तर मी भांडले असते, नाहीतर हो म्हटलं असतं. विचारलंच नाहीस."

योगराज मान खाली घालून घरी आला.

संध्याकाळी हॉलमध्ये चंदनचं चालूच होतं. "बारा वर्षांच्या वर ताबा असला तर केस होते बाबा. बत्तीस वर्षं आपण वापरतोय ती जागा. वकील म्हणतो, लढू शकतो आपण. नोटिशीलाही स्टे मिळेल."

"बस," योगराज म्हणाला.

"अहो, पण ऐकून तर..."

"बस म्हटलं ना. मला नको काही मिळायला." त्याचा आवाज चढला नाही, चढवायलाही जोर लागतो. "उद्या मगनला फोन कर. सळया काप म्हणावं. खड्डे भर. भिंत चुन्याच्या रेघेवर बांध."

"आणि आजीची खोली?"

योगराज खुर्चीत बसून राहिला. सहा महिने धावाधाव करून आपण जिथे होतो तिथून मागेच आलोय, एवढंच त्याला दिसत होतं.

पडद्याआडून आवाज आला. "योगराज."

त्याने पडदा सरकवला. शेवंताबाई उशीला टेकून बसली होती.

"मले खोली कोणी मांगितली व्हती?"

"माय, तुझ्यासाठीच तर..."

"मी खोली न्हाई मांगितली. एकटी त्या कोपऱ्यात पडून काय करू? इथं माणसं दिसतात, तू आला-गेला समजते. मले फक्त संडास पाहिजे. दार लावता येईन असा." ती थोडं थांबली. दम लागला होता. "कोठी हाये ना सैपाकघराजवळ. तिच्या मांगंच तर टाकी हाये. तिथं बसव ते भांडं, खुर्चीवालं."

कोठीचा विचार आधी झाला नव्हता असं नाही. जूनमध्येच तो निघाला होता. पण कोठीची भिंत आणि देवघराची भिंत एकच. देवाच्या पाठीशी संडास कसा करायचा, असं मोहिनी तेव्हा म्हणाली होती, आणि योगराजलाही ते पटलं होतं. शिवाय कोठीत वर्षाचे गहू, डाळीचे डबे, आबांची पेटी, लग्नातली भांडी. हे सगळं कुठे न्यायचं, म्हणून तो विषय तिथेच थांबला होता.

योगराजने मोहिनीकडे पाहिलं. म्हातारीनेही पाहिलं.

"देवाचं काय मोठं," शेवंताबाई म्हणाली. "देव सरकतीन. मले सरकता येत न्हाई."

मोहिनी स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, पाटाचा आवाज आला. योगराज उठून बघायला गेला तर ती पदर खोचून देव एकेक करून ताटात काढत होती: बाळकृष्ण, अन्नपूर्णा, मुक्ताईचा फोटो.

"सकाळी काढले असते तरी चाललं असतं," तो म्हणाला.

"सकाळी परत विचार येतो," ती म्हणाली. "धरा हे."

पुढचं काम तीन आठवडे चाललं. मगन आला, त्याने ग्राइंडरने सळया कापल्या. खड्ड्यांत मुरूम भरला, पाणी मारून ठोकला. भिंत चुन्याच्या रेघेवर उभी राहिली, छातीएवढ्या उंचीची. त्यात योगराजच्या अंगणाची नऊ इंच जमीन गेली. अर्धे कॉलम फोडायला फार खर्च आणि फार धूळ, म्हणून ते दोन ठोकळे कमरेएवढे राहिले. मोहिनी त्यांच्यावर आवळे वाळत घालायची ताटं ठेवायला लागली. कोठीतले गहू वर गेले, आबांची पेटी चंदनच्या खोलीत गेली. चंदन दोन रविवार घरी आला नाही.

संयमने तक्रार मागे घेतली. नोटिशीचं काय झालं ते मात्र योगराजला कळलं नाही. दोनदा कार्यालयात जाऊन आला, अर्ज दिला, पोच घेतली. बघू म्हणाले.

भिंत झाल्यावर कुसुमलता एका दुपारी शेवंताबाईला भेटायला आली. हातात खाकऱ्यांची पुडी होती. दोघी तासभर बसल्या. काय बोलल्या ते योगराजला कळलं नाही, तो मिलमध्ये होता. मोहिनीने सांगितलं, की बहुतेक वेळ त्या गुडघे आणि डोळे याविषयीच बोलत होत्या. जाताना कुसुमलता मागच्या दारातून भिंतीकडे बघून म्हणाली होती, "आता नीट झाली." लखीचंद शेठ मात्र ओट्यावर योगराज दिसला की पूर्वीसारखी हाक मारत नसत. मान हलवत. योगराजही मान हलवायचा. तेवढं दोघांना पुरत होतं, निदान सध्या तरी.

कोठीतलं बाथरूम डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वापरायला तयार झालं. भिंतीला दोन दांडे लावले होते, एक कमोडच्या बाजूला, एक दाराजवळ. दार सरकतं बसवलं होतं आणि आतून कडी होती. ती कडी दाराला बसवण्याआधी शेवंताबाईने प्लंबरकडून खाटेवर मागून घेतली होती आणि चारदा लावून-काढून पाहिली होती. जेवण झाल्यावर तिने वॉकर मागितला. योगराज तिच्या मागे मागे चालला, दोन्ही हात तिच्या पाठीशी धरून, न लावता. हॉल, स्वयंपाकघर, कोठीचं दार. अकरा पावलं. ती आत गेली, दांडा धरला, वळली आणि दार सरकवलं. कडी लागल्याचा आवाज आला.

योगराज दाराशी उभा राहिला. मग स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसला. रविवारची दुपार होती, घर शांत होतं. त्याचे डोळे मिटायला लागले.

"योगराज," आतून आवाज आला. "तू तिथंच हायेस का?"

"हो माय. काय पाहिजे?"

"काही न्हाई. जाय तू तिकडं. दारासमोर बसू नको. मले वेळ लागीन."

तो उठला. हॉलमध्ये गेला. खाटेवरचा पडदा अजून तसाच दोरीवर होता. तो काढायचं त्याच्या मनात आलं, पण स्टूल आणायचा कंटाळा आला. तो खाली सतरंजीवर आडवा झाला आणि झोपला.